गोण्या धुणारी शिक्षिका

लोकसाहित्याच्या तासाला ‘कल्पनाबंध’ ही संज्ञा विशद करताना आम्ही अनेक वर्षे एक उदाहरण देत आलो. अमेरिकेतील डेन्व्हर गावी एक शाळामास्तरीण होती. तिचा भाऊ धातुपरीक्षक. खाणीतून त्याच्याकडे येणारे दगडांचे नमुने तेलकट गोण्यांतून येत. एके दिवशी त्या गोण्या साबणाच्या पाण्यात धूत असता तिला दिसले, की दगडाची माती तळाशी बसली आहे आणि धातूचे चकाकते कण मात्र फेसावर तरंगत आहेत. त्या धुण्याच्या पाण्यातून एक प्रचंड उद्योग जन्माला आला. बाईचे नाव कॅरी इव्हरसन. ‘सामान्य स्त्री, नित्याचे काम, अकस्मात साक्षात्कार’ या कल्पनाबंधाचा आधुनिक अवतार म्हणून ही कथा आम्ही सांगत असू. आणि कथेचा सांगाडा दंतकथेचा असला तरी तिच्यातील घटना खरी आहे, असेही बजावत असू.

घटना खरी नाही. आमच्या पदरी पडलेली ही चूक दुरुस्त करावी एवढ्यासाठीच हा लेख लिहावयास घेतला होता; परंतु दुरुस्ती करता करता लक्षात आले, की असल्या कथा जेथे उगवतात ती जमीन कशी असते हा प्रश्न त्या दुरुस्तीहून मोठा आहे.

प्रथम मूळ गोष्ट काय ती पाहू. खाणीतून निघणाऱ्या दगडात धातूचे खनिज थोडे आणि निरुपयोगी दगड पुष्कळ असतो. दोन्ही एकमेकांत इतके मिसळलेले असतात, की पीठ होईतो कुटल्याखेरीज सुटे होत नाहीत. पुढचा पुरातन उपाय म्हणजे पाखडणे: वाहत्या पाण्यात जड ते खाली राहते, हलके ते वाहून जाते. सूप घेऊन बसणाऱ्या कोणाही गृहिणीला हे शास्त्र सांगावे लागत नाही. पण दोन खनिजांचे वजन जवळपास सारखे असेल, किंवा कण फारच बारीक झाले असतील, तर पाखडणे हरते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जगभरच्या खाणी नेमक्या याच अडचणीत आल्या होत्या. वरचे श्रीमंत खनिज संपत आले होते आणि खालच्या थरांतली गंधकयुक्त, गुंतागुंतीची खनिजे पाखडण्याला दाद देत नव्हती.

यावर निघालेला उपाय वजनाचा विचारच सोडून देतो. तो विचारतो: या कणाला पाणी आवडते का? गारगोटीचा कण पाण्याने सहज भिजतो. शिसे, जस्त, तांबे यांच्या गंधकयुक्त खनिजांच्या कणांवर मात्र तेलाचा किंवा तत्सम द्रव्याचा अत्यंत पातळ लेप सहज बसतो, आणि एकदा तो बसला की कण पाण्याशी फटकून राहू लागतो. अशा कणाला पाण्यात हवेचा बुडबुडा भेटला तर तो त्याला चिकटतो आणि बुडबुड्याबरोबर वर जातो. गॅलेना हे शिशाचे खनिज पाण्याच्या साडेसात पट जड, गारगोटी जेमतेम पावणेतीन पट; तरीही जड ते तरते आणि हलके ते बुडते. हेच प्लवन. वर जमलेला फेस काढून घेतला की काम झाले.

हे सारे नाट्य कणाच्या पृष्ठभागावर घडते. लेपाची जाडी एखाद्या रेणूएवढीही पुरते; आत दगड काय आहे याची बुडबुड्याला खबर नसते. समीक्षेत ‘वरवरचे’ हा शब्द आपण दूषण म्हणून वापरतो. पृष्ठरसायनाच्या अभ्यासकाला तो तसा वापरता येणार नाही. उलट, कुटणे प्रमाणाबाहेर गेले तर कण इतके सूक्ष्म होतात की ते कलिलासारखे पाण्यात तरंगत राहतात, चांगल्या कणांवर गाळाचे पांघरूण घालतात आणि मग त्या कणांना बुडबुडा ओळखेनासा होतो. आत धातू आहे, पण वर चिखल आहे. एवढ्यावरून तो कण दगडाबरोबर टाकून दिला जातो.

आता इतिहासाकडे. या विषयाच्या पुस्तकांत एक जुना दाखला हटकून दिला जातो, तो हिरोडोटसचा. त्याच्या ग्रंथाच्या चौथ्या भागात लिबियाच्या किनाऱ्याजवळच्या कायरॉनिस नावाच्या बेटाचे वर्णन आहे. तेथल्या सरोवरात कुमारिका पक्ष्यांची पिसे डांबराने माखून बुडवतात आणि चिखलातून सोन्याचा कीस वर काढतात, असे त्याने कार्थेजच्या लोकांकडून ऐकले. डांबर म्हणजे तेलकट, चिकट पदार्थ. पाण्याला नको असलेला कण त्याला चिकटणार, हे तर्कशुद्धच आहे. पण आम्हांला मोह पडला तो हिरोडोटसच्या पुढच्या बोलण्याचा. हे खरे की खोटे ते आपल्याला ठाऊक नाही, जे सांगितले जाते ते आपण लिहीत आहोत, असे तो मोकळेपणाने नमूद करतो. आणि लगेच जोड देतो की झाकिंथॉस बेटावर तळ्याच्या पाण्यातून डांबर काढताना आपण स्वतः पाहिले आहे, तेव्हा हेही अशक्य नसावे. ऐकीव कोठे संपते आणि पाहिलेले कोठे सुरू होते याची रेघ त्याने आखून ठेवली. गोण्यांची कथा सांगणाऱ्या आम्हा अध्यापकांना ती आखता आली नाही.

कागदोपत्री इतिहास १८६० मध्ये सुरू होतो. त्या वर्षी विल्यम हेन्स याने इंग्लंडात पेटंट घेतले: खनिजाच्या पिठात तेल कालवले तर गंधकयुक्त कण तेलाला धरतात आणि दगड पाण्यात राहतो. १८७७ मध्ये ड्रेस्डेनच्या बेसेल बंधूंनी ग्रॅफाइट शुद्ध करण्यासाठी तेल आणि उकळते पाणी यांचा प्रयोग करून पेटंट घेतले. उकळीचे बुडबुडे ग्रॅफाइटला वर नेत. बुडबुड्याला मजूर म्हणून कामाला लावणारे हे बहुधा पहिले लोक. पण ग्रॅफाइटचे कारखानदार आणि धातूंचे खाणमालक ही दोन निराळी बिरादरी. एकांची वही दुसऱ्यांनी उघडून पाहिली नाही.

आणि मग १८८६. अमेरिकेच्या पेटंट कार्यालयाने २४ ऑगस्ट १८८६ रोजी क्रमांक ३४८१५७ चे पेटंट दिले ते शिकागोच्या कॅरी जे. इव्हरसन यांना. शिकागोच्या, डेन्व्हरच्या नव्हे. बाई त्या काळी कोणाच्या गोण्या धूत नव्हत्या. त्या एका डॉक्टरांच्या पत्नी होत्या. पतीने कोलोरॅडोतील खाणधंद्यात पैसा घातला आणि तो बुडाला. त्या बुडालेल्या पैशाचे कारण शोधता शोधता बाईंनी खनिजशास्त्र आणि रसायनशास्त्र यांचा अभ्यास आरंभला, प्रयोग केले, आणि त्या प्रयोगांतून त्यांचे निरीक्षण पक्के झाले: तेलाच्या जोडीला आम्ल घातले तर खनिजाचे कण आणि दगड यांची फारकत कितीतरी स्पष्ट होते. पेटंटचा मजकूर वाचणाऱ्याला तेथे साक्षात्कार सापडत नाही. प्राणिज, वनस्पतिज आणि खनिज अशा नाना जातींची तेले, आम्ले, क्षार, आणि त्यांचा क्रम एवढेच सापडते. अनेक पदार्थ घेऊन अनेकदा करून पाहिलेल्या माणसाचे ते लेखन आहे. अपघाताला इतकी लांब यादी लागत नाही.

१८८९ मध्ये पती वारले. बाईंनी पुढे परिचारिकेचे काम पत्करले. १८९२ मध्ये एका सहकाऱ्यासह त्यांनी आणखी एक पेटंट मिळवले, म्हणजे जिद्द सुटली नव्हती. पण त्यांची पद्धत धंद्यात रुजली नाही. त्यांची पद्धत म्हणजे आजचे प्लवनच होते असे म्हणणेही आम्हांला धाडसाचे वाटते. त्यांचा भर तेलावर आणि आम्लावर होता. हवेच्या बुडबुड्याचे महत्त्व त्यांच्या मांडणीत केंद्रस्थानी नाही. त्यांना ‘जननी’ म्हणून मखरात बसवणे हाही एक निराळा अन्यायच होईल. त्या त्या वाटेवरच्या एक महत्त्वाच्या अभ्यासक होत्या, इतके म्हणणे कागदाला धरून आहे.

वाट खऱ्या अर्थाने मोकळी झाली ती दुसऱ्याच खंडात. ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्सच्या ओसाड पश्चिम भागात ब्रोकन हिल नावाची टेकडी होती. १८८३ मध्ये मेंढ्यांच्या कुरणाच्या सीमेवर गस्त घालणाऱ्या चार्ल्स रॅस्प या जर्मन नोकराने तेथले दगड उचलले आणि दोन वर्षांत, १८८५ साली, ब्रोकन हिल प्रोप्रायटरी कंपनी उभी राहिली. वरच्या थरात चांदी आणि शिसे विपुल होते. ते सरले तसे खाली गॅलेना आणि जस्ताचे स्फॅलेराइट हे खनिज एकमेकांत विणलेले निघाले. पाखडून शिसे बरेचसे मिळे, जस्त मात्र उरलेल्या चुऱ्यात जाई. शतक संपताना गावाभोवती अशा चुऱ्याचे लाखो टनांचे डोंगर साचले होते. संपत्ती डोळ्यांसमोर, मोजलेली, कुटलेली, आणि हाती न येणारी.

येथे इतिहासाने एक विनोद केला आहे. हा डोंगर फोडण्यासाठी जे पुढे आले त्यांत दोघे जण बिअरच्या धंद्यातले होते. मेलबर्नचा चार्ल्स पॉटर हा मद्य गाळणारा. त्याने आणि खाणीचा मुख्य व्यवस्थापक डेलप्रा याने १९०२ च्या सुमारास जवळजवळ एकच युक्ती स्वतंत्रपणे काढली: गरम आम्लयुक्त पाण्यात चुरा टाकावा, दगडातील कार्बोनेटांवर आम्लाची क्रिया होऊन वायूचे बुडबुडे निघतात आणि ते गंधकयुक्त कणांना उचलतात. दुसरा, ऑग्युस्त द बाव्हे, बेल्जियमहून आलेला, किण्वनाचा जाणकार. त्याने १९०४ मध्ये बुडबुड्यांवाचूनच काम साधले: कण अलगद पाण्याच्या पृष्ठभागावर सोडले तर पृष्ठताणाच्या बळावर धातूचे कण सायीसारखे वर राहतात आणि भिजणारा दगड तळाशी जातो. फेसाचा पेला पाहून त्यांना हे सुचले, असे कोणी सांगू लागले तर आम्ही आता तरी पुरावा मागू.

द बाव्हेच्या त्या सायीवरून आमच्याकडची एक गोष्ट आठवते. आपल्या रसशास्त्रात भस्माची एक कसोटी आहे, ‘वारितर’. नीट सिद्ध झालेले धातूचे भस्म स्थिर पाण्यावर भुरभुरले असता बुडत नाही. आणि त्या तरंगत्या थरावर धान्याचा दाणा ठेवला तरी तोही तरून राहावा, अशी त्याहून कडक परीक्षाही सांगितली आहे. पृष्ठताणाचा आणि कणांच्या सूक्ष्मतेचा हा अत्यंत चतुर उपयोग आहे. म्हणून प्लवनाचा शोध आपल्या पूर्वजांनी लावला होता, असा निष्कर्ष मात्र कृपा करून कोणी काढू नये. त्यांनी भस्म पारखण्यासाठी पाण्याची साय वापरली, खनिज वेगळे करण्यासाठी नव्हे. खरे निरीक्षण खोट्या दाव्यात बुडवले की निरीक्षणही हातचे जाते.

पॉटरने कंपनीवर खटला भरला. तो व्हिक्टोरियाच्या न्यायालयात होता आणि पेटंट न्यू साउथ वेल्सचे. दुसऱ्या राज्याने दिलेल्या पेटंटाच्या वैधतेचा निवाडा आपल्याला करता येत नाही, असा निर्णय १९०६ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या उच्चतम न्यायालयापर्यंत जाऊन कायम झाला. बुडबुडा कोणाचा, हा प्रश्न सीमेवरच अडला. पुढे उभयतांत तडजोड झाली आणि पद्धतीला दोघांचीही नावे जोडली गेली.

याच सुमारास लंडनमध्ये ‘मिनरल्स सेपरेशन’ या कंपनीची प्रयोगशाळा कॅटरमोल नावाच्या संशोधकाच्या पद्धतीवर काम करीत होती. ती पद्धत नेमकी उलटी होती: तेल घालून धातूच्या कणांच्या गोळ्या बनवायच्या आणि त्या बुडवायच्या. तेल किती कमी करता येईल हे पाहण्यासाठी १९०५ मध्ये ते टप्प्याटप्प्याने घटवीत नेले. गोळ्या बनेनाशा झाल्या, तशी पद्धत फसली. पण तेल खनिजाच्या वजनाच्या एक टक्क्याहूनही खाली गेले आणि मिश्रण जोराने घुसळले, तेव्हा वर दाट, टिकाऊ, धातूने भरलेला फेस आला. तोवर वेल्समधील ग्लासडिर खाणीत एल्मोर बंधू १८९८ पासून तेलाच्या बळावर खनिज तारत होते, आणि त्यासाठी अतोनात तेल ओतत होते. आता चमचाभर तेलात तेच, किंबहुना अधिक चांगले साधू लागले. ब्रोकन हिलला या कामी निलगिरीचे तेल वापरले जाई. ऑस्ट्रेलियाच्या झाडाचे तेल ऑस्ट्रेलियाच्या दगडाला.

हा शोध अपघात होता की अभ्यास? एका अर्थी फसलेला प्रयोगच. पण लंडनच्या त्या सद्गृहस्थांबद्दल ‘गोळ्या बनवता बनवता फेस दिसला, नशीब’ अशी लोककथा झाली नाही. त्यांच्या नावापुढे ‘शोध’ लागला. इव्हरसनबाईंच्या सहेतुक प्रयोगांना मात्र धुण्याची बादली मिळाली. हा फरक आम्हांला फार बोचला.

त्या फेसाचे पुढे न्यायालयात मोजमाप झाले. अमेरिकेत मोंटानाच्या खाणीत हाइड नावाच्या अभियंत्याने पद्धत वापरली, म्हणून कंपनीने दावा लावला. प्रतिवादींनी जुनी पेटंटे धुंडाळली. हे सारे पूर्वी ठाऊक होते असे दाखवायचे तर हेन्स, इव्हरसन अशा विस्मृतांना साक्षीस बोलावणे भाग होते. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ११ डिसेंबर १९१६ रोजी निकाल दिला: तेल वापरण्याची कल्पना जुनी, पण एक टक्क्याच्या एका अंशाएवढे तेल आणि जोरदार घुसळण हे नवे, तेवढ्यापुरते पेटंट वैध, त्याहून व्यापक दावे अवैध. लेखकत्व कोठे सुरू होते या प्रश्नावर आपल्याकडे परिसंवाद होतात. येथे ते टक्केवारीत ठरले. त्यानंतर एका खाणीने पेटंटाच्या कक्षेबाहेर राहण्यासाठी मुद्दाम गरजेहून जास्त तेल ओतण्यास सुरुवात केली, म्हणजे कायद्याने विज्ञानाला उधळपट्टी शिकवली.

या खटल्यांच्या काळात खाणधंद्यातील लोकांना कॅरी इव्हरसन यांची आठवण झाली आणि त्यांचा शोध सुरू झाला. तेव्हा कळले की त्या ३ नोव्हेंबर १९१४ रोजीच कॅलिफोर्नियात वारल्या होत्या. माणूस हाती न लागल्यावर उरली ती कथा. शिक्षिका, भाऊ, गोण्या, साबण. पतीच्या जागी भाऊ आला, पुस्तकांच्या जागी बादली आली आणि अनेक वर्षांच्या जागी एक दुपार.

या अदलाबदलीत कोणा एकाचा दुष्टपणा असेल असे आम्हांला वाटत नाही. कथेला चांगली वाटली म्हणूनच ती टिकली. बहुधा सांगणाऱ्यांच्या मनात आदरच असावा. आमच्या तर होताच. न्यूटनचे सफरचंद आणि आर्किमिडीजची न्हाणी याही तशाच कथा, पण त्यांत सफरचंद पडण्यापूर्वी न्यूटन न्यूटनच असतो. त्याची विद्वत्ता गृहीत धरून मगच अपघात येतो. गोण्यांच्या कथेत अपघाताखेरीज बाईजवळ काहीच नाही. जनाबाईच्या आख्यायिकांशी ताडून पाहिले तर हा भेद अधिकच उघड होतो. तेथेही दळण आहे, कांडण आहे, धुणे आहे. परंतु ते काम तिच्या वाणीचे स्थान आहे, वाणीऐवजी आलेले नाही. जात्याशी बसूनही जनी कवीच राहते. गोण्यांच्या कथेतली बाई बादलीशी बसते आणि रसायन विसरते.

यावर कोणी म्हणेल, घरकामातून विज्ञान निघूच शकत नाही असे तुमचे म्हणणे का? मुळीच नाही. निघाले आहे, आणि तेही याच शास्त्रात, त्याच दशकांत. फरक इतकाच की ती गोष्ट दंतकथा झाली नाही, कारण ती त्या बाईने स्वतः लिहून ठेवली.

जर्मनीतील ब्राउनश्वाइग गावी आग्नेस पोकेल्स नावाची मुलगी राहत असे. जन्म १८६२ चा. विद्यापीठाची दारे स्त्रियांना बंद होती आणि आजारी आईवडिलांची शुश्रूषा तिच्याकडे होती. भांडी घासताना खरकट्या पाण्यावरच्या तेलकट थराचा खेळ तिने पाहिला. आणि पाहून थांबली नाही. तिने पत्र्याचे एक उथळ पसरट भांडे घेतले, त्यावर सरकती पट्टी बसवली आणि पृष्ठभाग आक्रसला किंवा पसरला की पृष्ठताण किती बदलतो ते मोजण्यासाठी काटा जुळवला. सुमारे दहा वर्षे तिने नोंदी केल्या. भाऊ भौतिकशास्त्र शिकत होता, त्याची नियतकालिके घरी येत. त्यांतून लॉर्ड रॅली याच विषयावर काम करीत आहेत असे कळले. जानेवारी १८९१ मध्ये तिने त्यांना जर्मन भाषेत पत्र लिहिले. रॅलींनी ते ‘नेचर’कडे पाठवले आणि १२ मार्च १८९१ च्या अंकात ते प्रसिद्ध झाले. पाण्यावरील रेणूंच्या थराचे जे शास्त्र पुढे लॅंगम्यूर यांनी वाढवले आणि ज्यासाठी त्यांना १९३२ मध्ये नोबेल मिळाले, त्याच्या हत्याराचा पूर्वज या स्वयंपाकघरातल्या भांड्यात आहे. त्याच वर्षी ब्राउनश्वाइगच्या तंत्रविद्यापीठाने पोकेल्स यांना सन्माननीय पदवी दिली. तेव्हा त्या सत्तर वर्षांच्या होत्या.

प्लवनाचे कारखाने तोवर पृष्ठरसायनाच्या आधारानेच चालू लागले होते. तेलाच्या जागी झँथेट ही द्रव्ये आली. डॅनिश रसायनज्ञ झाइझे याने १८२२ मध्ये ती ओळखली होती आणि पिवळ्या रंगावरून ग्रीक नाव दिले होते, ती शंभर वर्षे कपाटात पडून राहिली आणि १९२५ च्या पेटंटाने खाणीत उतरली. एकाच पाण्यात शिसे आधी तारायचे आणि जस्ताला थोपवून धरायचे, मग जस्ताला मोकळे करायचे, इतकी हुकमत या द्रव्यांनी आणली.

या वर्षीपासून वर्गात आम्ही गोण्यांची कथा सांगतो ती दंतकथा म्हणूनच. आणि तिच्यालगत पोकेल्सचे पत्र वाचून दाखवतो. मागच्या तासाला एका विद्यार्थिनीने विचारले, पत्र जर्मन भाषेत होते, तर ‘नेचर’मध्ये इंग्रजी कोठून आली? त्याचे उत्तर रॅलींच्या घरातच आहे. भाषांतर त्यांच्या पत्नीने केले होते.